पातळ प्लास्टिक फिल्मच्या हाय-स्पीड ट्रिमिंगसाठी ब्लेड कसं असावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लिटर-रीवाइंडरवर (फिल्म कापून पुन्हा रोल गुंडाळणारं मशीन), एक्स्ट्रूजन लाईनवर (प्लास्टिक वितळवून फिल्म काढणारी लाईन) आणि टूल रूममध्ये काम करणाऱ्यांकडून ट्रिमिंग ब्लेडबद्दल, म्हणजे फिल्मची कडेची पट्टी (ट्रिम) कापणाऱ्या पात्याबद्दल, तेच तेच प्रश्न येत राहतात, वाळूज असो, वसई असो की दमण-सिल्वासा, म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून काढले. बहुतेक जण सुरुवातच "सगळ्यात हार्ड ब्लेड कुठलं?" इथून करतात. माझं मत स्पष्ट आहे, हार्डनेस महत्त्वाचा आहेच पण त्याचा नंबर तिसरा. आधी धारेच्या लगेच मागे पोलाद किती जाड आहे ते बघा, मग कापताना तयार होणारी उष्णता जाते कुठे ते बघा. या दोन गोष्टी जमल्या नसतील तर महागातलं महाग ब्लेडसुद्धा डस्टच (कापताना निघणारी भुकटी) देणार.

रेझर, शीअर आणि क्रश यातलं मी काय घ्यावं?

साधारण १२ ते ५० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्मला, म्हणजे पॅकेजिंगची बीओपीपी (दोन्ही दिशांनी ताणलेली पॉलिप्रॉपिलीन), पॉलिस्टर, पॉली (पॉलिइथिलीन) वगैरे, साईड ट्रिमसाठी रेझर बरं पडतं. पातं स्थिर असतं आणि फिल्म त्याच्यावर चालत येते, सेटिंग सोपं, ब्लेड स्वस्त, बदलायला मिनिटभर. जाड फिल्म, लॅमिनेट, फॉइल असलेलं मटेरियल किंवा थर्मोफॉर्मिंगची (गरम करून साच्यात कप-ट्रे बनवायची) शीट असेल तर शीअर घ्या, म्हणजे वर-खाली दोन गोल पाती जी कात्रीसारखी कापतात. क्रशमध्ये पातं कडक रोलवर दाबून फिल्म चिरडून तोडतात. ते टेप किंवा नॉनवोव्हनला चालतं, पातळ फिल्मची किनार मात्र त्यात दबून जाड होते, म्हणून फिल्मसाठी मी ते सुचवत नाही.

धार किती अंशाची ठेवायची?

हा प्रश्न नेहमी अर्धा विचारला जातो, कारण ब्लेडवर ग्राइंड केलेला कोन वेगळा आणि फिल्मला प्रत्यक्षात भेटणारा कोन वेगळा. रेझर ब्लेड तुम्ही फिल्मला काटकोनात उभं लावलंत तर २० अंशाची धार फिल्मला २० अंशाचीच भेटते. तेच ब्लेड तिरपं केलं, म्हणजे धारेची रेषा आणि फिल्म यात ४५ अंशाचा कोन ठेवला, की फिल्मच्या प्रतलात पाचर निमुळती होते आणि कोन साधारण १४ अंश होतो. ३० अंशावर आणलं तर जेमतेम १० अंश. म्हणजे ब्लेड तेच, ग्राइंडिंग तेच, फक्त होल्डर फिरवून पाचर निम्मी झाली! ब्लेड सप्लायरला फोन लावायच्या आधी हे करून बघा, फुकट आहे.

अर्थात तिरपं केलं की धारेचा आणि बाजूचा जास्त भाग फिल्मला घासतो, म्हणून अति तिरपं करूनही चालत नाही, पॉलीसारखी चिकट फिल्म असेल तर तिथेच गरम व्हायला लागतं. ३० ते ४५ अंशाच्या पट्ट्यात आपल्या फिल्मला काय मानवतं ते बघावं.

पोलादी रेझरला एकूण १५ ते २० अंशाची धार चालते, तिच्या अगदी टोकाला थोडी जास्त कोनाची छोटी दुसरी धार दिली तर टोक लगेच मुडपत नाही. कार्बाइड ठिसूळ असल्यामुळे त्याला कोन जास्त द्यावा लागतो, २५ ते ३५ अंश. पोलादाचं ड्रॉइंग तसंच्या तसं कार्बाइडवाल्याला पाठवू नका, धार पहिल्या शिफ्टलाच चिरते आणि नाव मटेरियलचं खराब होतं.

ब्लेडची जाडी किती असावी?

फिल्म १२ मायक्रॉनची आणि ब्लेड ०.२ मिमीचं असेल तर ब्लेड फिल्मच्या सोळा पटींहून जास्त जाड झालं. धार कितीही तीक्ष्ण असली तरी कापल्यानंतर त्या २०० मायक्रॉनच्या अंगाला जागा करून द्यायला फिल्मला दोन्ही बाजूंनी १००-१०० मायक्रॉन सरकावंच लागतं. ट्रिमची बाजू मोकळी असते, ती सरकते. रोलची बाजू टेन्शनमध्ये असते, ती सरकत नाही, ती ब्लेडच्या अंगावर घासत जाते आणि तिथूनच भुकटी आणि उष्णता सुरू होते.

म्हणून शक्य तितकं पातळ ब्लेड घ्या, पण थरथरणार नाही इतपतच पातळ. बाजारात ०.१ पासून ०.४ मिमीपर्यंत मिळतात. ०.१ चं ब्लेड होल्डरमधून जास्त बाहेर काढलं की फडफडतं आणि किनार लाटेसारखी येते, म्हणून पातळ ब्लेड असेल तर होल्डरचे जबडे धारेच्या जितके जवळ आणता येतील तितके आणा. अजून एक उपाय म्हणजे एका बाजूची धार, म्हणजे सिंगल बेव्हल. सपाट बाजू रोलकडे आणि उतार ट्रिमकडे, म्हणजे सगळं ढकलणं ट्रिमच्या वाट्याला येतं. हे उलटं लावलेलं अनेक ठिकाणी दिसतं आणि लोक महिनोन्महिने ब्लेडला दोष देत बसतात.

स्पीड वाढवला की किनार वितळल्यासारखी का होते?

हिशेब करून बघा. लाईन ४०० मीटर प्रति मिनिटने चालली तर आठ तासांच्या शिफ्टमध्ये १९२ किलोमीटर फिल्म त्या ब्लेडवरून जाते. मुंबई-नाशिकपेक्षा जास्त अंतर, आणि ते सगळं घर्षण धारेच्या एकाच ठिपक्यावर. प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही, म्हणून जी काही जायची ती बरीचशी ब्लेडमधूनच होल्डरकडे जावी लागते.

आता फिल्मकडून बघा. पॉलिस्टर ७०-८० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं पण वितळतं अडीचशेच्या पुढे, त्यामुळे ते बरंच सहन करतं. बीओपीपी १६० च्या आसपास वितळतं. साधी एलडीपीई (पॉलीचाच एक प्रकार) तर ११० च्या आसपासच हात टेकते. त्यामुळे ज्या ब्लेडवर पॉलिस्टर सुरेख चालतं त्याच ब्लेडवर, त्याच स्पीडला, पॉलीचे केसासारखे धागे निघतात. यात ऑपरेटरची काही चूक नसते.

उपाय म्हणाल तर, ब्लेड पातळ करा, फिल्मच्या खाली ब्लेडचं टोक गरजेपेक्षा जास्त घुसवू नका, धारेवर हवेचा बारीक झोत द्या, आणि मशीनला ऑसिलेशनची सोय असेल तर ती चालू ठेवा. ऑसिलेशनमध्ये ब्लेड सावकाश वर-खाली सरकत राहतं, त्यामुळे झीज आणि उष्णता एकाच ठिपक्यावर न राहता धारेच्या काही मिलिमीटरभर वाटली जाते. ही सोय बऱ्याच मशीनवर असते आणि बऱ्याच मशीनवर बंद पडलेली असते. ती दुरुस्त करून घ्या, कुठलंही नवीन ब्लेड आणण्यापेक्षा फायदा जास्त.

कार्बन स्टील, स्टेनलेस, कार्बाइड, सिरॅमिक, यात नक्की फरक काय?

कार्बन स्टीलला सगळ्यात बारीक धार येते आणि ते स्वस्त आहे. साध्या पारदर्शक फिल्मला, वारंवार ब्लेड बदलायची तयारी असेल तर, आजही मी तेच वापरा म्हणेन. स्टेनलेस गंजत नाही म्हणून फूड आणि फार्माच्या कामाला घेतात.

टंगस्टन कार्बाइड म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे बारीक कण कोबाल्टमध्ये बांधलेले. झिजायला फार वेळ लागतो, आणि लोक जे विसरतात ते म्हणजे ते उष्णता पोलादापेक्षा चांगली वाहून नेतं, साध्या कार्बन स्टीलच्या दीडपट-दुप्पट. म्हणजे धार थंड राहायला मदत होते. घेताना बारीक कणांची ग्रेड मागा. कण मोठे असले तर धार तितकी बारीक होतच नाही, टोकाचा एक कण निघाला की तिथे खळगा पडतो.

झिर्कोनिया सिरॅमिक दिसायला पांढरंशुभ्र, झिजत नाही, गंजत नाही, चुंबकाला चिकटत नाही. पण त्याची उष्णतावाहकता जवळपास नाहीच म्हटलं तरी चालेल, कार्बाइडच्या तीस-चाळीसाव्या हिश्श्याइतकी. त्यामुळे उष्णता टोकालाच कोंडते. हळू चालणाऱ्या, चिकट टेपसारख्या कामाला ते उत्तम आहे, पण ४०० च्या स्पीडने पॉली कापायला मी ते लावणार नाही, कॅटलॉगमध्ये काहीही लिहिलेलं असो.

सोनेरी कोटिंगचं ब्लेड घ्यावं का?

सोनेरी म्हणजे टायटॅनियम नायट्राइड. कोटिंग स्वतः खूप कडक असतं आणि घर्षणही कमी होतं, पण घेण्याआधी दोन गोष्टी विचारा.

पहिली, कोटिंग किती जाडीचं आहे? रेझरची नवीन धार मायक्रॉनच्याही आत असते, तिच्यावर तीन-चार मायक्रॉनचा थर चढवला तर धार गोल झाली, झीज कमी झाली पण कापणंही गेलं. रेझरला एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी थर हवा, किंवा एका बाजूला कोटिंग करून दुसऱ्या बाजूने पुन्हा ग्राइंड केलेलं हवं.

दुसरी, आतलं पोलाद कुठलं? नेहमीच्या पीव्हीडी प्रक्रियेत (निर्वात भट्टीत धातूच्या वाफेचा थर बसवायची पद्धत) पोलाद ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापतं. कार्बन स्टीलचं टेम्परिंग (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला परत तापवणं) साधारण २०० च्या आसपास झालेलं असतं, ते त्या भट्टीत गेलं की मऊ होतं. वरून सोनं आणि आतून लोणी. एम२ हाय स्पीड स्टीलचं टेम्परिंगच ५५० च्या आसपास होतं म्हणून ते हे कोटिंग आरामात सोसतं. डी२ टूल स्टील असेल तर हाय टेम्परिंग केलेलं आहे का ते हीट ट्रीटमेंटवाल्याला विचारूनच कोटिंगला पाठवा.

शीअरमध्ये ओव्हरलॅप (दोन पाती एकमेकांवर किती चढतात ते) जास्त ठेवला तर काय बिघडतं? जास्त म्हणजे सेफ ना?

नाही. फिल्म कापायला दोन पात्यांचा एकच बिंदू लागतो, बाकीचं सगळं नुसतं घासणं. १५० मिमी व्यासाची दोन पाती घ्या. ०.४ मिमी ओव्हरलॅपला ती एकमेकांवर ११ मिमी लांबीत चढलेली असतात, ०.८ ला साडेपंधरा मिमी, आणि १.६ ला जवळपास २२ मिमी. तेवढ्या लांबीत फिल्मची कापलेली किनार वरच्या पात्याच्या अंगाला घासत खाली ओढली जाते. ०.५ ते ०.८ मिमी पुरतं.

वरचं पातं किंचित तिरपं लावतात, अर्धा अंश किंवा त्याहूनही कमी, म्हणजे फिल्म जिथे आत शिरते तिथेच दोन्ही पाती टेकतात आणि पुढे सुटतात. तिरपेपणा उलटा झाला तर पाती मागच्या टोकाला टेकतात, पुढे फट राहते आणि फिल्म कापली न जाता त्या फटीत ओढली जाऊन फाटते. लांबून बघितलं तर कापल्यासारखीच दिसते, भिंगाखाली किनार कुरतडलेली दिसते. खालचं पातं वेबपेक्षा (चालत्या फिल्मपेक्षा) ३ ते ५ टक्के जास्त स्पीडने फिरवायचं, आणि साईडचा दाब फक्त पाती एकमेकांना सोडणार नाहीत इतकाच. कापत नाही म्हणून दाब वाढवत नेणं ही सगळ्यात वाईट सवय आहे, दोन्ही पात्यांची धार एकमेकांवरच संपते.

आणि डायल गेज लावून पात्याचा डगमगाट बघा. मिलिमीटरच्या दोन-चार शंभरांशापर्यंत गेला असेल तर आधी आर्बर (पाती बसवायचा दांडा) आणि स्पेसर (पात्यांमधल्या रिंगा) पुसा, बऱ्याच वेळा मध्ये प्लास्टिकचा एक कण अडकलेला असतो, बाकी काही नाही.

डस्ट येतेय, पण कशामुळे ते कसं ओळखायचं?

काळं सुती फडकं घ्या आणि रोलच्या बाजूवरून, मशीन थांबलेलं असताना, एकदा फिरवा. फडक्यावर पिठासारखी पांढरी भुकटी आली तर धार बोथट आहे किंवा किनार ब्लेडच्या अंगाला घासतेय. केसासारखे लांब धागे आले तर उष्णता, किंवा पॉलीसारखी ताणणारी फिल्म तुटायच्या आधी ओढली जातेय. बारीक चकचकीत कपच्या आल्या तर फिल्म ठिसूळ आहे आणि कापली न जाता तडकतेय, किंवा शीअरमध्ये फट आहे. फडकं स्वच्छ, पण बोट फिरवल्यावर किनारीला कडक काठ लागतो, तर किनार वितळून पुन्हा घट्ट झालीय. नखाने जाणवतो तो काठ.

मग टॉर्च तिरपा धरून रोलची बाजू बघा. चांगली कापलेली बाजू काचेसारखी दिसते. एकसारखी दुधाळ दिसली तर ब्लेड गेलं. गोल गोल पट्टे दिसले तर ब्लेड ठीक आहे, टेन्शन किंवा थरथर बघा.

भुकटी स्टॅटिकमुळे फिल्मला परत चिकटते हे लक्षात ठेवा, म्हणून स्टॅटिक बार (फिल्मवरची स्थिर वीज घालवणारी पट्टी) कटिंगच्या लगेच पुढे हवा. पुढे त्याच फिल्मवर छपाई किंवा मेटलायझिंग (धातूचा पातळ थर चढवणं) झालं की प्रत्येक कणाच्या जागी एक पांढरा ठिपका राहतो. एक मीटर रुंद, १२ मायक्रॉनचा, ६००० मीटरचा पॉलिस्टर रोल म्हणजे साधारण १०० किलो माल. तो परत येतो कशापायी, तर वेळेत न बदललेल्या एका ब्लेडपायी.

किनार अर्ध्या मायक्रॉनने उचलली तर काय एवढं?

वरच्याच रोलचा हिशेब करू. सहा इंची कोअरवर (आतल्या नळीवर) ६००० मीटर गुंडाळले की साधारण साडेसात हजार थर बसतात. प्रत्येक थराची किनार अर्धा मायक्रॉन जाड, तर कागदावर रोलच्या टोकाला पावणेचार मिलिमीटर उंचवटा. प्रत्यक्षात तेवढा दिसत नाही, कारण फिल्म तिथे दबते आणि ताणली जाते, आणि तीच खरी अडचण, कारण ती ताणलेली किनार गिऱ्हाईकाच्या मशीनवर उलगडताना सैल लोंबते. मग तक्रार येते "फिल्मचं टेन्शन बरोबर नाही" आणि सगळे वाइंडिंगच्या मागे लागतात.

पांढरी आणि मॅट फिल्म ब्लेड लवकर का खाते?

त्यात खनिज असतं. पर्लाइज्ड बीओपीपीत कॅल्शियम कार्बोनेट, पांढऱ्या पॉलिस्टरमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, मॅट आणि अँटीब्लॉक (थर एकमेकांना चिकटू नयेत अशा) फिल्ममध्ये बऱ्याचदा सिलिका. कॅल्शियम कार्बोनेट पोलादापेक्षा बरंच मऊ, तरी ते किलोमीटरमागून किलोमीटर घासत राहतं. टायटॅनियम डायऑक्साइड आणि सिलिका तर कडक केलेल्या पोलादाच्या जवळपास पोचतात. अशा फिल्मला कार्बाइडचे पैसे वसूल होतात. पारदर्शक आणि पांढरी फिल्म एकाच लाईनवर आलटून पालटून चालवत असाल तर ब्लेड बदलायचं वेळापत्रक तासांवर ठेवू नका, ग्रेडप्रमाणे ठेवा.

रिसायकल माल वाढत चाललाय त्याचंही हेच. त्यात वाळू, कागद, धातूचा एखादा कण येतो आणि पातळ धारेला एक खाच पाडतो. खाच पडली की पुढच्या प्रत्येक मीटरवर तिथे एक धागा निघतो. फिल्टर मेश (वितळलेलं प्लास्टिक गाळायची जाळी) नीट ठेवणं हे सुद्धा ब्लेडचंच मेंटेनन्स समजा.

ब्लेड बदलायची वेळ झाली हे कसं समजायचं?

बोटाने धार तपासू नका, कृपा करून. ब्लेड दिव्याखाली धरून धार सरळ डोळ्यासमोर आणा. तीक्ष्ण धार दिसतच नाही, तिथे प्रकाश परतून येण्याइतका पृष्ठभागच नसतो. पांढरी चमकती रेघ दिसली म्हणजे धार सपाट झाली, आणि रेघ मध्येच तुटक ठिपक्यांसारखी दिसली म्हणजे खाचा आहेत. पन्नास पट मोठं दाखवणारं खिशातलं मायक्रोस्कोप स्वस्तात मिळतं, प्रत्येक लाईनला एक असावं.

गोल पात्यांना परत धार लावताना काय सांभाळायचं?

कूलंट भरपूर आणि फीड (एका वेळी घासायची खोली) कमी. ग्राइंडिंग करताना धारेवर निळा रंग आला म्हणजे तिथलं पोलाद किमान तीनशे अंशांच्या आसपास जाऊन आलं, तिथला हार्डनेस गेला असं धरूनच चला आणि निळा भाग पूर्ण निघेपर्यंत परत ग्राइंड करा. नुसतं पॉलिश करून रंग घालवणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. पोलादाला सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड) व्हील, कार्बाइडला डायमंड व्हील. शेवटी बर (ग्राइंडिंगनंतर धारेला लोंबणारी धातूची बारीक कड) काढून टाका, बर राहिली तर पहिला अर्धा तास ब्लेड झकास चालतं आणि मग ती बर तुटून धारेचा तुकडा घेऊन जाते. वरची पाती सेटमध्ये ग्राइंड करा, सगळ्यांचा व्यास सारखा नसेल तर प्रत्येकाचा ओव्हरलॅप वेगळा पडतो.

कार्बाइड कोरडं घासू नका. त्याच्या धुळीत कोबाल्ट असतो आणि ती फुप्फुसांना कायमची इजा करते. गाळ्यात मास्क न लावता, डस्ट कलेक्टरशिवाय हे काम करणारी पोरं दिसतात तेव्हा फार वाईट वाटतं. ओलं ग्राइंडिंग, एक्झॉस्ट आणि चांगला मास्क, यात काटकसर नको.

०.४-०.५ मिमीच्या पॉलिस्टायरीन शीटला रेझर का चालत नाही?

पॉलिस्टायरीन ठिसूळ. त्यात पाचर घातली की धारेच्या पुढे तडा पळतो आणि किनार करवतीसारखी येते. शीअर लावा, आणि शक्य असेल तर शीट पूर्ण गार व्हायच्या आत, थोडी कोमट असताना ट्रिम करा. पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीनच्या) शीटला ही अडचण नाही, ती तडकत नाही, उलट ताणते, तिथे धार जास्त तीक्ष्ण हवी.

ट्रिम सारखी तुटते, ब्लेड बदलू का?

आधी ट्रिम कुठल्या दिशेने ओढली जातेय ते बघा. ब्लोअरची ओढ ब्लेडच्या वर किंवा बाजूला तिरकी असेल तर ट्रिम धारेवरच वळते आणि फाटते. कापल्यावर थोडं अंतर ती फिल्मच्याच दिशेने सरळ जाऊ द्या, मग वळवा. बीओपीपीला एक बारीक चीर पडली की ती लगेच पळते, तिथे हे जास्तच सांभाळावं लागतं.

ब्लेड बनवून घेताना मेकरला काय काय सांगायचं?

फिल्मचं मटेरियल आणि मायक्रॉन, त्यात फिलर किंवा रिसायकल किती, लाईनचा खरा चालणारा स्पीड (मशीनच्या पाटीवरचा नको), रेझर हवेत (दोन रोलच्या मध्ये मोकळ्या जागेत) कापतं की ग्रूव्ह रोलवर (खाच असलेल्या रोलवर), होल्डरमधून ब्लेड किती बाहेर येतं, आणि ट्रिम कुठल्या बाजूला पडते. शेवटचं सांगितलं नाही तर सिंगल बेव्हल कुठल्या अंगाला द्यायचा ते त्याला कळणार कसं? सोबत जुनं झिजलेलं ब्लेड न पुसता, कार्डबोर्डमध्ये नीट गुंडाळून पाठवा. झीज टोकाला आहे की अंगाला, प्लास्टिक कुठे चिकटलंय, हे अनुभवी माणूस त्याच्यावरून वाचतो आणि निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

ब्लेड बदलताना हात कापतात, काय करायचं?

चालू मशीनपेक्षा बदलताना आणि कचऱ्यात टाकताना लागतं हेच जास्त. कट-रेझिस्टंट हातमोजे, ब्लेड धरायला छोटा चिमटा किंवा मॅग्नेट, आणि जुन्या ब्लेडसाठी मशीनलाच ठोकलेला बंद पत्र्याचा डबा ज्याला वर फक्त एक फट असेल. कार्बाइड आणि सिरॅमिकला मॅग्नेटवर भरवसा ठेवू नका, सिरॅमिक चिकटतच नाही आणि कार्बाइड जेमतेम, शिवाय दोन्ही वाकत नाहीत तर तुटून उडतात, म्हणून गॉगल लावूनच स्क्रू सैल करा.